घोड्याचं बोट

आमच्या गावात पंगत बसली की एस्तेबेस आगायच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. उशिरा येणारा बिचारा तिथे अडकायचा. माणूस वाईट होता असं नाही. आगाय म्हणजे मास्तर, गावच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे, पीत नसत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ताटात मेंढीचं हाड आलं की त्यांच्या अंगात यायचं.

आणि आमच्याकडे हाडाशिवाय पंगत नसते. मेंढी सांध्यासांध्यातून सोडवायची, हाड म्हणून तोडायचं नाही, आणि मग मानाप्रमाणे वाटायची. कमरेचं जाम्बाश सगळ्यात वडील माणसाला, मांडीचं त्याच्या खालोखालच्याला, आणि तसंच उतरत उतरत पोराटोरांपर्यंत. चुकीचं हाड चुकीच्या ताटात गेलं तर माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. अशा ठिकाणी आगाय आपल्या वाट्याचं हाड हातात धरायचे आणि शेजाऱ्याला म्हणायचे, "हे बघ. वर एक हाड, खाली दोन, मग बारीक बारीक गोट्या, मग बोटं. आता तुझा हात बघ. एक, दोन, गोट्या, बोटं. वटवाघळाच्या पंखात हेच. गरुडाच्या पंखात हेच. सगळ्यांना एकाच घरातून मिळाल्याशिवाय असं होईल का?"

"आगाय, रस्सा गार होतोय," शेजारी म्हणायचा.

एकदा तर कहर झाला. त्यांच्या लेकीचे सासरे पहिल्यांदा घरी आले होते. मोठे मानी गृहस्थ, कल्पाक टोपी सुद्धा डोक्यावर तोलून बसवलेली. आगायच्या बायकोनं, सोनुनबुबूनं, चांगली मेंढी कापलेली. जाम्बाश व्याह्यांच्या पुढ्यात ठेवलं. आणि आमचे आगाय अगदी प्रेमानं, कौतुकानं म्हणाले, "व्याही, आपण बसलाय तेही ह्याच हाडावर. फरक फार थोडा." व्याह्यांनी हाड दस्तरखानावर परत ठेवलं आणि हात पुसले. लग्न झालेलं होतं म्हणून निभावलं. पण त्यानंतर ते लोक लेकीला माहेरी धाडायला कुरकुरायला लागले. सोनुनबुबू पुढे आजारात गेली, पण ती हे विसरली नव्हती आणि आगायही विसरले नव्हते.

मी बाकास. इथला गुरांचा डॉक्टर. आगायच्या हाताखाली शिकलो म्हणायचं, पण खरं म्हणजे त्यांच्या तासाला झोपलो. शिकवणं रटाळ होतं हो. तेच ते चित्र, तीच काठी, तेच वाक्य. मागच्या बाकावर बसून आम्ही ते त्यांच्या आधी म्हणायचो. त्यांचं सगळ्यात आवडतं होतं घोड्याच्या पायाचं हाड. घोडा म्हणजे एका बोटावर चालणारं जनावर, खूर म्हणजे नख, आणि पायाच्या मोठ्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या त्या दोन बारक्या काड्या म्हणजे झिजून गेलेल्या बोटांचा उरलेला भाग. एके काळी घोडा तीन बोटांवर चालायचा, त्याच्या आधी चारांवर, आणि तेव्हा तो कुत्र्याएवढा होता. त्या काड्या आम्ही सगळ्यांनी पाहिलेल्या. आमच्या आज्या त्यांची कातडं टोचायची आरी करायच्या. त्यामुळे वर्गात कुणालाच आश्चर्य वाटायचं नाही.

दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "आगाय, तुम्ही पाहिलाय का तीन बोटांचा घोडा?"

"नाही."

"मग कशावरून?"

मग आगाय पुन्हा काठी उचलायचे. दगडात सापडलेले जुने घोडे, खालच्या थरात जास्त बोटांचे, वरच्या थरात कमी बोटांचे, एकदाही उलटं नाही. हे सगळं ते सांगायचे, पण त्यातला एकही दगड आमच्या शाळेत नव्हता. होती ती फक्त आरी करायची काडी.

मोठा देश फुटला, आपापले छोटे देश झाले, तेव्हा पगाराच्या जागी कधी पीठ मिळायचं, कधी साखर, कधी नुसतं आश्वासन. अर्धे मास्तर बाजारात उभे राहिले. आगाय राहिले शाळेतच. पुढे मशीद झाली, काही घरांतून निरोप यायला लागले की आमच्या पोरांना माकडाचं शिकवू नका. आगायनी कधी वाद घातला नाही. मोल्दो, म्हणजे मशिदीतला मुल्ला, त्यांचा शेजारी, दोघं एकाच पाटाचं पाणी भरायचे. "तू म्हणतोस घडवलं," ते मोल्दोला म्हणायचे, "घडवलं असेल. कसं घडवलं एवढंच मी सांगतो." मोल्दो म्हणायचा, "सांग बाबा, पण पाणी आज माझ्या पाळीचं आहे." भांडण झालं असतं तर निदान कुणी ऐकलं तरी असतं. आगायशी भांडायला सुद्धा कुणी येत नव्हतं, आणि वय वाढलं तसे ते त्यानं फार थकले. वर्गात खुर्चीवर बसून शिकवायला लागले. पूर्वी कधी बसत नसत.

त्याच सुमाराच्या एका वसंतात बुरुलचा अपाचा निरोप आला. बुरुलचा हे तिचं नाव, अपा म्हणजे ताई; आमच्या गावची विधवा बाई, नवरा मागच्याच शरदात गेलेला, मुलगे दूर रशियात मजुरीला. चार घोड्या, त्यांचं दूध, ते आंबवून केलेलं कुमिस, त्यावर घर. तोंड असं की लांडगासुद्धा तिच्या वाड्याकडे दोनदा विचार करून येईल.

"ये आणि बघ," ती म्हणाली, "माझ्या घोडीनं मला काय दिलंय ते."

शिंगरू छान होतं, तांबूस, ओलं, उभं राहायच्या खटपटीत. पण पुढच्या डाव्या पायाला, आतल्या बाजूनं, खुराच्या जरा वर, एक छोटंसं खूर लोंबत होतं. जर्दाळूएवढं. व्यवस्थित, काळं, खूरच. असं कधीतरी होतं. मी पुस्तकात पाहिलेलं, हातात पहिल्यांदाच आलं.

"कापून टाकतो," मी म्हटलं. "आत्ता बारीक आहे, कळणारही नाही त्याला."

"काप काप. कुणी बघायच्या आत काप. आधीच लोक म्हणतात हिच्या घराला दृष्ट लागलीय."

मी पेटी उघडतोय तोवर आगाय आलेच. कुणी सांगितलं कोण जाणे. घरातल्या सपाता पायात, एक सपाता चिखलात राहिलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. शिंगराजवळ गुडघ्यांवर बसले, ते छोटं खूर दोन बोटांत धरलं आणि रडायला लागले. म्हातारा माणूस असा उघड रडताना पाहून मला चीड आली. काय करावं कळेना की मला चीडच येते.

"कापू नकोस, बाकास," ते म्हणाले. "बिश्केकच्या लोकांना एकदा बघू दे."

"अरे, शिंगरू माझं आहे," बुरुलचा अपा म्हणाली.

"तुझंच आहे. तुझ्या पाया पडतो."

"पडू नकोस, चिखल आहे." तिनं एक उसासा टाकला. "राहू दे रे, बाकास. एवढा मोठा माणूस रडतो म्हणजे काहीतरी असेल."

टपाल कचेरीतून आगायनी राजधानीत, बिश्केकला फोन लावला. तिथे हाडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या, जिपार नावाच्या. फोनवर ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळे सगळ्या रांगेनं ऐकलं. बाई भल्या होत्या, पण त्यांनी आगायच्या उत्साहावर लगेच पाणी ओतलं. अशी बोटं दोन तऱ्हेची असतात, त्या म्हणाल्या. कधी ते खरंच जुनं बोट असतं, त्या बारक्या काडीच्या टोकावर उगवलेलं, जे पूर्वजांना होतं ते. आणि कधी मधलंच बोट फाटून दोन होतात, सहा बोटांचं मूल जन्मतं तसं. तो नुसता दोष, त्यातून काही सिद्ध होत नाही. आत हाड कशाला जोडलंय ते पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. मी शरदात येते, तोवर जपा.

एक्स-रे काढावा म्हणून आम्ही चौकशी केली. मशीन होतं, फिल्म आलेली नव्हती. माणसांचेच फोटो निघत नव्हते, शिंगराचा कुठून निघणार?

उन्हाळ्यात बुरुलचा अपा घोड्या घेऊन वर डोंगरातल्या कुरणावर, जाइलोवर गेली. आगाय सुट्टी लागल्यापासून सारखे तिथे. त्यांच्याकडे एक म्हातारा खच्ची घोडा होता, कुला नावाचा, त्याच्यावर बसून जायचे. खिशात कानस, साखरेचे खडे आणि पावाचे तुकडे. ते छोटं खूर जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही, वाढतच जातं. आगाय ते घासून बेतात ठेवायचे. शिंगरू त्यांना ओळखायला लागलं. लांबून कुला दिसला की आईचं दूध सोडून धावायचं.

"माझं दूध तुटतं तुझ्यामुळे," बुरुलचा अपा ओरडायची. "शिंगरू शेजारी नसलं की घोडी पान्हा सोडत नाही, एवढंही नाही का लिहिलंय तुझ्या पुस्तकात?" आणि मग त्यांना कुमिसचा भरलेला वाडगा द्यायची.

उन्हाळा सरता सरता शिंगरू धावायला लागलं तसं ते जास्तीचं खूर दुसऱ्या पायावर आपटायला लागलं. आधी केस गेले, मग कातडं गेलं, मग जखम, मग जखमेत माश्या. मी जाऊन धुतलं, पट्टी बांधली, दोन दिवसांत पट्टीचा चोथा. ते लंगडायला लागलं, मग उभंच राहिना. आगाय रोज जखम धुवायला लागले. मी स्पष्ट म्हटलं, "जन्मल्या दिवशी कापलं असतं तर हे झालं नसतं." ते जखमेवरच्या माश्या वारत राहिले.

बुरुलचा अपानं मग सरळ निकाल लावला. तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध, आश, शरदात होतं. आशला घोडा कापावा लागतो, लेकरं परदेशात असोत की घरात, गाव मोजत असतं. "लंगडं शिंगरू बर्फात जगायचं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या घोड्या दुधाच्या आहेत. हेच कापते, वर एक मेंढी घालते. आणि एस्तेबेस, पाय तुझे. दोन्ही घे. उकळ, पूस, भिंतीला टांग, काय करायचं ते कर."

आगायनी बिश्केकला फोन केला. जिपार बाई खूश झाल्या. अख्खा पाय! स्वच्छ उकळा, सांधे हलवू नका, घेऊन या. खरोखर जुनं बोट निघालं तर संग्रहालयात काचेत ठेवू, खाली तुमचं आणि तुमच्या शाळेचं नाव. रांगेतले लोक सुद्धा आगायना मुबारक म्हणाले. मला वाटलं, चला, सुटलो. जनावराचे हाल संपले, म्हातारीची आश निघाली, म्हाताऱ्याला जन्मभर जे हवं होतं ते मिळालं. ह्यात कुणाचं काही वाईट नव्हतं.

आशच्या थोडं आधी एका सकाळी आगाय माझ्या दारात. घोड्यावरून उतरले नाहीत.

"बाकास, आता कापता येईल का? ते बोट?"

"आता? आता ते मोठं झालंय. रक्त जाईल, पू होईल, मरेलही. आणि कशाला? चार दिवसांनी पाय मिळतोच आहे तुम्हाला."

"मला त्याचे पाय उकळता येणार नाहीत."

"मी उकळतो. मला काही वाटत नाही."

"तसं नाही रे." ते कुलाच्या मानेकडे बघत राहिले. "रोज जखम धुतो मी त्याची. दुखतं, पण पाय ओढून घेत नाही. माझ्यामुळे झालंय हे. त्याला मारून मी पोरांना दाखवू की बघा, मी बरोबर होतो? मला लाज वाटते, बाकास. मी थकलोय. मला आता बरोबर असायचं नाहीये."

"आणि अपाच्या आशला काय कापायचं? तुमची कानस?"

ते तेव्हा उतरले आणि त्यांनी कुलाचा लगाम माझ्या हातात दिला. मग मला कळलं ते घोड्यावरून उतरत का नव्हते. मी खूप बोललो त्यांना. वेडे झालात, म्हातारपणी शाळेत पायी जाणार का, नदीपलीकडून, बर्फातून, एका लंगड्या शिंगरासाठी. ते म्हणाले, "कुला म्हातारा आहे, पण चरबी आहे त्याच्या अंगावर. बुरुलचाची मान खाली जाणार नाही." आणि पायीच परत गेले.

त्या बोटाची कापाकापी अपाच्या अंगणात केली. शिंगराला दोरांनी पाय बांधून आडवं पाडलं, माझ्याकडे होती नव्हती ती भूल दिली. अपुरी होती, मला माहीत होतं. आगाय पायाजवळ येऊन बसले, चष्मा पुसून, अगदी पुढे वाकून.

"तू इथे काय करतोस?" अपा म्हणाली. "डोकं धर त्याचं. तुलाच ओळखतं ते."

"मला बघायचंय, बुरुलचा. आत काय आहे ते."

तेवढ्यात शिंगरानं मान उचलून असा हिसडा दिला की माझ्या हातातला चाकू उडाला. आगाय उठले, डोक्याशी गेले, आपली कल्पाक काढून त्याच्या डोळ्यांवर ठेवली आणि मान मांडीवर घेतली. ते शांत झालं. आगाय जरा सरकले की ते फुरफुरायचं, म्हणून ते सरकले नाहीत.

"हाड तोडू नकोस," ते तिथून म्हणाले. "सांध्यातून काढ."

"मला शिकवू नका." आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी कातडं उघडलं, रक्त पुसलं, बोट आत घालून सांधा शोधला. आणि सापडला. ती बारकी काडी, जी एरवी अर्ध्यावर येऊन निमुळती होऊन संपते, ती संपलेली नव्हती. अंगठ्याएवढी जाड होऊन खाली आलेली, आणि तिच्या टोकाला सांधा, गुळगुळीत, पांढरा, आणि सांध्यावर ते बोट बसलेलं. मधल्या बोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ घोडे उघडलेत. मी थांबलो.

"काय दिसतंय?" आगायनी विचारलं.

"काडीवरच आहे, आगाय. काडी खालपर्यंत आलीय. टोकाला सांधा आहे."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं."

"माझ्या तासाला तू झोपायचास."

"आत्ता जागा आहे ना! इकडे या पटकन, बघा, मी धरून ठेवतो." पण त्यांनी मान जराशी सोडली आणि शिंगरू उसळलं, शीर फुटली, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर. मग बघणं वगैरे राहिलंच. मी दाबलं, बांधलं, टाके घातले. आगाय येऊन उभे राहिले तेव्हा फक्त पट्टी होती. ते खाली वाकले आणि त्यांनी पट्टीवर अलगद हात ठेवला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हातभर अंतरावर उघडं पडलं होतं आणि त्यांना दिसलं नाही.

शिंगरू जगलं. जिपार बाई कबूल केल्याप्रमाणे आल्या, पण त्यांना उशीर झाला, पायाची जखम भरून आलेली होती. मी स्पिरिटच्या बाटलीत घालून ठेवलेलं ते कापलेलं बोट त्यांनी काढून पाहिलं, उलटं सुलटं केलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी पायावरून हात फिरवला, कातड्याखाली जाड काडी लागत होती.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," त्या म्हणाल्या. "पण हे मला लिहिता येणार नाही. बाटलीत सांध्याचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा ह्याच्या पायात आहे. दोन्ही एकमेकांवर बसवून दाखवता आले पाहिजेत. नुसतं बोट कशाचंही म्हणतील."

"म्हणतीलच," आगाय म्हणाले. "मीही म्हणालो असतो."

"हा घोडा जेव्हा कधी मरेल तेव्हा..."

"त्याला पुष्कळ वेळ आहे, बाई. चहा घ्या."

त्या बरोबरच बोलत होत्या, आणि आगायना त्यांचा राग आला नाही. राग मला आला, उगाच. शाळेत बाटली पोरांत फिरली. "बकरीचं खूर आहे, आगाय," पोरं म्हणाली. आगाय म्हणाले, "आता तसंच दिसतं खरं." बाटली कपाटात गेली.

त्यानंतर ते पंगतीत बोलेनासे झाले. हाड आलं की खायचे, पुसायचे, ठेवायचे. शेजारच्या जागेवर लोक बसायला लागले. मला ते अजिबात आवडलं नाही. एकदा मीच माझ्या वाट्याचं हाड पुढे करून म्हटलं, "आगाय, हे वटवाघळात कुठे असतं हो?" ते हसले आणि म्हणाले, "तुझा रस्सा गार होतोय."

शाळेत ते पायीच जायचे. नदीच्या काठानं, वाऱ्यात, दर थोड्या वेळानं थांबत. वाटेत बुरुलचा अपाचं कुरण. शिंगरू आता तरणाबांड घोडा झालेला. तो कुंपणाच्या आतून त्यांच्याबरोबर कुरण संपेपर्यंत चालायचा. अपा रोज हाका मारायची, "अरे, बस त्याच्यावर! तुझाच आहे तो!" ते कधी बसले नाहीत. "त्याला ओझं नको," म्हणायचे. बोट गेल्यानंतरचा तिसरा हिवाळा सरत आला असताना त्यांच्या छातीत कफ भरला, आणि आठवड्याच्या आत ते गेले.

मयताच्या दिवशी घोडा कापावा लागतो. लेक सासरहून आली होती, तिच्याजवळ काही नव्हतं. नातेवाईक मेंढ्यांवर भागवू म्हणत होते. तेवढ्यात बुरुलचा अपा आली, बरोबर रशियातून परत आलेले दोन धिप्पाड मुलगे, आणि त्यांच्या हातात तांबूस घोड्याची दोरी. तिच्या नवऱ्याच्या आशला आगायनी आपला घोडा दिला होता. आता तिनं दिला नसता तर तिला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि द्यायचा तर दुधाची घोडी देऊन कसं चालेल, त्यांच्याच जिवावर वाढलेला हा चांगला घोडा सोडून? मुलगे हेच घरापासून बोलत आले असणार. त्यांचे चेहरे अगदी सरळ होते.

कापण्याआधी जनावर मी तपासतो, तशी पद्धत आहे. मुलगे दाराशी थांबले. अपानं घोडा माझ्याजवळ आणला.

"बघून घे, बाकास," ती म्हणाली. "निरोगी आहे ना?"

मी दात पाहिले, डोळे पाहिले. मग खाली बसलो आणि डाव्या पायावरून हात फिरवला. जाड काडी, तिचं टोक, टोकावरचा तो उतार, सगळं कातड्याखाली हाताला लागत होतं. आज संध्याकाळपर्यंत पाय मिळाला असता. बाटली शाळेच्या कपाटात होतीच. उद्या बिश्केकला फोन, आणि एस्तेबेस आगाय काचेत, नावासकट, सगळ्या देशासमोर बरोबर ठरले असते. घोडा माझ्या खांद्याला नाक घासत होता, खिशात साखर आहे का बघत होता.

मी उठलो. दाराकडे पाठ केली.

"हा चालणार नाही, अपा," मी हळू आवाजात म्हटलं. "मागच्या आठवड्यात ह्याला जंताचं इंजेक्शन दिलंय मी. मांस शरदापर्यंत खाता येणार नाही."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मागच्या आठवड्यात मी तिच्या वाड्याकडे फिरकलोही नव्हतो.

"थापा मारतोस," ती हळूच म्हणाली.

"हो, अपा."

तिचे डोळे भरून आले. तिनं पदरासारखा रुमालाचा कोपरा तोंडावर धरला, घोड्याच्या मानेवर एक थाप मारली आणि दाराकडे, मुलांकडे, एकदा पाहिलं.

"मग हळू काय बोलतोस, मेल्या," ती म्हणाली. "पोरांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांग."